सप्टेंबरात अडणारा सर्व्हर: सांबा आणि उघड्या फाईलींची मर्यादा

रामदासपेठेतल्या एका सीए फर्मचा फाईल सर्व्हर वर्षभर बिनबोभाट चालायचा आणि सप्टेंबर लागला की अडायचा. टॅक्स ऑडिटची शेवटची तारीख ३० सप्टेंबर. म्हणजे ज्या महिन्यात त्याने अजिबात अडू नये, नेमका तोच महिना. दुपारी बाराच्या पुढे कुठल्या तरी टेबलावरून हाक यायची, "सर, कंपनी उघडूनच नाही राहिली." पाच मिनिटांत दुसरी हाक, मग वर्ध्याहून फोन, मग अमरावतीहून. दीडच्या सुमारास माणसं डबे घेऊन उठली की तक्रारी आपोआप थांबायच्या आणि तीननंतर पुन्हा सुरू व्हायच्या. सर्व्हर रीस्टार्ट केला की तो दिवस निभायचा, म्हणून दोन वर्षं रीस्टार्ट हाच उपचार चालू होता.

मी नागपुरातल्या छोट्या ऑफिसांचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो. हे काम २०२३च्या सप्टेंबरात माझ्याकडे आलं. जेवणाच्या सुट्टीत तक्रारी थांबतात, हे मला एका आर्टिकल मुलीने, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या उमेदवार मुलीने, सांगितलं. पुढचं सगळं निदान त्या एका वाक्यावर उभं राहिलं. डिस्क खराब असती किंवा नेटवर्कची केबल सैल असती, तर बिघाडाला जेवणाची वेळ कळली नसती.

मांडणी अशी होती. उबंटू २२.०४ असलेल्या एका मशीनवर सांबा, म्हणजे लिनक्सवरच्या फाईली नेटवर्कवरून विंडोज यंत्रांना उघडून देणारी सेवा, चालतो आणि सगळ्या अशिलांचा हिशेबाचा डेटा त्यावर एका शेअरमध्ये, म्हणजे नेटवर्कवर वाटलेल्या फोल्डरात, आहे. शेजारी एक विंडोज टर्मिनल सर्व्हर आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावर बसवलेलं आहे. वर्धा, अमरावती आणि गोंदियाची माणसं रिमोट डेस्कटॉपने त्यावर येतात, आणि नागपूर ऑफिसमधलीही बहुतेक जण तसंच करतात, कारण त्यांचे पीसी जुने आहेत. शेअरला थेट जोडलेली यंत्रं मोजकीच: स्कॅनरचा पीसी, रिसेप्शनचा पीसी आणि दोन भागीदारांचे लॅपटॉप.

सॉफ्टवेअरची तऱ्हा जुन्या वळणाची आहे. एका अशिलाचं एक आर्थिक वर्ष म्हणजे एक फोल्डर, सॉफ्टवेअरच्या भाषेत एक 'कंपनी', त्यात साधारण १९० छोट्या फाईली. कंपनी उघडली की त्या सगळ्या उघडतात आणि कंपनी बंद करेपर्यंत उघड्याच राहतात. ऑडिटच्या दिवसांत चालू वर्षाशेजारी मागचं वर्ष उघडं लागतं, आणि त्याच अशिलाची दुसरी फर्म असेल तर तीही. त्यामुळे एरवी एक-एक कंपनी उघडून बसणारा माणूस सप्टेंबरात तीन-तीन उघडून बसतो.

आधीचे उपचार

माझ्या आधीच्या तंत्रज्ञाने सांबाच्या लॉगमध्ये 'टू मेनी ओपन्ड फाईल्स' हे शब्द वाचले होते. रोगाचं नाव त्याने बरोबर ओळखलं होतं. मग इंटरनेटवर सापडतात ते तिन्ही उतारे त्याने एकदम लावले होते. लिमिट्स डॉट कॉन्फ या फाईलमध्ये सगळ्या वापरकर्त्यांसाठी ६५,५३५ची ओळ, लॉगिनच्या प्रोफाईलमध्ये यूलिमिटची ओळ, आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) फाईल-मॅक्ससाठी सिसकंट्रोल या कर्नलच्या सेटिंगमध्ये ६५,५३६. त्यानंतर टर्मिनलवर यूलिमिट विचारलं की ६५,५३५ असं उत्तर यायचं. आकडा मोठा दिसतोय, म्हणजे मर्यादा वाढली असणार, अशी सगळ्यांची समजूत झाली होती.

यातल्या एकाही ओळीने सांबाची मर्यादा वाढत नव्हती. लिमिट्स डॉट कॉन्फ ही फाईल पॅम ही लॉगिन सांभाळणारी यंत्रणा वाचते, आणि तीही कुणी लॉगिन करताना. मशीन चालू होताना सिस्टमडी ज्या सेवा उभ्या करतो त्या लॉगिनच्या वाटेने जातच नाहीत, मग त्यांना त्या ओळी कुठून लागू होणार? सेवेची मर्यादा तिच्या युनिट फाईलमधून, म्हणजे ती सेवा कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणाऱ्या फाईलमधून, येते. यूलिमिट जो आकडा दाखवतं तो फक्त समोरच्या शेलचा असतो. शेजारी चालणाऱ्या सेवेबद्दल तो काहीच सांगत नाही. चालू प्रोसेसची खरी मर्यादा बघायची हुकमी जागा म्हणजे प्रॉकमध्ये (कर्नल चालू प्रोसेसची माहिती दाखवतो त्या फोल्डरात) त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरातली 'लिमिट्स' नावाची फाईल. ती आधी उघडून बघितली असती तर दोन सप्टेंबर वाचले असते असं माझं मत आहे.

तिसरी ओळ निरुपयोगी तर होतीच, शिवाय घातकही होती. फाईल-मॅक्स ही अख्ख्या मशीनची एकत्रित मर्यादा. डिसेंबर २०१८मध्ये आलेल्या सिस्टमडी २४० पासून सिस्टमडी स्वतःच ही मर्यादा शक्य तितकी वर नेऊन ठेवतो. ६४ बिटांच्या मशीनवर तो आकडा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ इतका असतो. त्या जागी ६५,५३६ लिहिणं म्हणजे मर्यादा वाढवायला जाऊन ती उतरवणं. जुन्या लेखांमधून उचललेल्या ओळींचा हा धोका कायमचा आहे. ज्या काळात तो लेख लिहिला गेला त्या काळी तो आकडा खरोखर मोठा होता.

खुद्द 'टू मेनी ओपन फाईल्स' हे वाक्यही नीट वाचावं लागतं. लिनक्सकडे अशा दोन चुका आहेत. २४ क्रमांकाची चूक म्हणजे या एका प्रोसेसने आपली मर्यादा गाठली. २३ क्रमांकाची म्हणजे अख्ख्या मशीनची मर्यादा संपली, आणि तिच्या वाक्याच्या शेवटी 'इन सिस्टीम' हे दोन शब्द जास्तीचे असतात. ते दोन शब्द नसतील तर फाईल-मॅक्सला हात लावायचं कारणच नाही. भरीस भर म्हणजे फोल्डरांमधले बदल टिपणाऱ्या आयनोटिफायची प्रत्येक वापरकर्त्यामागची मर्यादा भरली, तरी वाक्य हेच येतं. ती मर्यादा बहुधा १२८ असते आणि तिचा उघड्या फाईलींच्या संख्येशी काही संबंध नसतो. फाईली सिंक करणारे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांची इथेच दिशाभूल होते.

त्या आधीच्या तंत्रज्ञाला घाबरवणारी आणखी एक ओळ होती. सांबाची सेटिंग तपासणारी टेस्टपार्म ही आज्ञा चालवली की सुरुवातीलाच ती म्हणते की मर्यादा १०२४ वरून विंडोजच्या किमान १६,३८४ वर नेत आहे. अनेक जण यालाच आजार समजतात. टेस्टपार्म ज्या शेलमधून चालवलं त्याची मर्यादा १०२४ आहे, एवढाच त्याचा अर्थ. सेवा म्हणून चालणाऱ्या सांबाशी त्या ओळीचा संबंध नाही.

माप कुठे घ्यायचं

सांबाची रचना इथे कळीची आहे. एसएमबीडी हा सांबाचा फाईली देणारा प्रोग्रॅम. त्याची एक मूळ प्रोसेस असते आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जोडणीसाठी ती स्वतःची एक वेगळी प्रत उभी करते. स्कॅनरच्या पीसीला एक प्रोसेस, भागीदारांच्या लॅपटॉपला एक. उघड्या फाईलींची मर्यादा या प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र लागू होते. सांबाच्या सेटिंगमध्ये तिचं नाव 'मॅक्स ओपन फाईल्स' आणि ठरलेला आकडा १६,४६४. विंडोज ७ ला १६,३८४ हँडल (उघड्या फाईलीमागे एक पकड) उपलब्ध असण्याची अपेक्षा असते, म्हणून सांबा त्याखाली जायला तयार नसतो. कमी आकडा लिहिला तर तक्रार करून स्वतःच तो १६,३८४ करतो. एका पीसीसाठी ही मर्यादा प्रचंड आहे. एका पीसीवर बसलेला एक माणूस १६,००० फाईली उघडेल कशाला?

टर्मिनल सर्व्हरचं गणित वेगळं. त्यावर सत्तावीस माणसं बसली असली तरी सांबाच्या दृष्टीने ते एक यंत्र. विंडोज त्या सगळ्यांच्या मागण्या एकाच टीसीपी जोडणीतून पाठवतो, माणसागणिक सेशन वेगळं पण जोडणी एकच. जोडणी एक म्हणजे एसएमबीडीची प्रोसेसही एकच, आणि मर्यादाही एकदाच.

हे तर्काने कळत होतं, तरी मोजल्याशिवाय मी हात लावत नाही. एका कामाच्या दिवशी साडेबाराला एसएमबीस्टेटस ही सांबाच्या चालू जोडण्यांची यादी देणारी आज्ञा चालवली. यादीत बहुतेक वापरकर्त्यांसमोर प्रोसेसचा एकच क्रमांक पुन्हापुन्हा येत होता; सत्तावीस नावं, क्रमांक एक. मग प्रॉकमध्ये प्रत्येक एसएमबीडीच्या एफडी फोल्डरातल्या नोंदी मोजल्या; तिथे उघड्या फाईलीमागे एक नोंद असते. रिसेप्शनच्या पीसीच्या प्रोसेसमध्ये साठेक, स्कॅनरच्या प्रोसेसमध्ये त्याहून कमी, एका लॅपटॉपच्या प्रोसेसमध्ये दोनशेच्या आत. आणि टर्मिनल सर्व्हरच्या प्रोसेसमध्ये १५,९००च्या वर. तिच्या 'लिमिट्स' फाईलमध्ये मर्यादा १६,३८४च्या किंचित वर दिसत होती.

आता हिशेब जुळतो का ते बघू. सत्तावीस माणसं, प्रत्येकी सरासरी तीन कंपन्या, प्रत्येक कंपनीच्या १९० फाईली: १५,३९०. वरच्या पाचशेत सेटिंगच्या फाईली, प्रिंटचे साचे, कुणी उघडी ठेवलेली एक्सेल आणि फोल्डरांच्या खिडक्या. उघडा फोल्डरही एक हँडल धरून बसतो, हे लक्षात घेतलं जात नाही. शिवाय विंडोज काही फाईली बंद केल्यासारखं दाखवून, पुन्हा लागतील म्हणून थोडा वेळ स्वतःकडे धरूनही ठेवतो. दुसऱ्या बाजूने बघितलं तर १६,४६४ भागिले १९० म्हणजे ८६ पूर्णांक काहीतरी. टर्मिनल सर्व्हरवर सगळ्यांच्या मिळून ८६ कंपन्या उघडल्या की पुढची कंपनी उघडायची नाही. ती कुणाची, हे फक्त कोण उशिरा आला त्यावर ठरणार. वर्ध्याच्या मुलांचे फोन जास्त का यायचे तेही इथे उलगडलं, कारण त्यांची बस उशिरा पोहोचायची.

अर्धी उघडलेली कंपनी

या प्रकरणातला सगळ्यात गंभीर भाग लॉगमध्ये नव्हता, तो टर्मिनल सर्व्हरच्या पडद्यावर होता.

कंपनी उघडताना सॉफ्टवेअर १९० फाईली एकामागून एक उघडत जातं. मर्यादेला शंभर हँडल उरलेली असताना कुणी कंपनी उघडली तर पहिल्या शंभर फाईली उघडतात आणि एकशे एकावी नाकारली जाते. सांबाने नकाराचं कारण कळवलेलं असतं. पण सॉफ्टवेअर ते कारण वाचत नाही. त्याच्या दृष्टीने एक फाईल मिळाली नाही, म्हणजे डेटा खराब. पडद्यावर येतं, 'डेटामध्ये दोष आढळला, दुरुस्ती करायची का?' आणि खाली हो-नाहीची बटणं.

टेबलावरच्या मुलाने काय करावं? तो 'हो' दाबणार. मी समोर उभा असताना एकाने दाबायला हात नेलाच होता. "थांब रे, नको दाबू," म्हणालो, तर तो म्हणाला, "सर, आम्ही तर रोजच करून राहिलो." धडधाकट डेटावर रोज दुरुस्ती चालली होती. दुरुस्ती म्हणजे ते सॉफ्टवेअर इंडेक्स नव्याने बांधतं आणि जी नोंद त्याला पटत नाही ती बाजूला टाकतं. अर्ध्या फाईली हातात नसताना त्याला काय पटेल? मागच्या सप्टेंबरात दोन अशिलांची व्हाउचरं गायब झाल्याची कुजबुज ऑफिसात होती आणि दोष डेटा एन्ट्रीवाल्या मुलीवर गेला होता. त्या दोन कंपन्यांचे बॅकअप काढून आम्ही पडताळलं. व्हाउचरं दुरुस्तीच्या आदल्या रात्रीच्या बॅकअपमध्ये जागच्या जागी होती. सीनियर सरांनी त्या मुलीला केबिनमध्ये बोलावून हे सांगितलं, ते बरं केलं.

त्याच दुपारी सगळ्या टेबलांवर निरोप गेला: दुरुस्तीचं बटण कुणीही दाबायचं नाही, कंपनी बंद करायची आणि सांगायचं. मर्यादा वाढवण्याआधी करण्यासारखं हेच होतं. तुमच्याकडेही एखाद्या प्रोग्रॅमचा डेटा सांबावर असेल आणि अधूनमधून 'डेटा खराब' येत असेल, तर दुरुस्ती करण्याआधी हँडल मोजा.

गळती की खरी गरज

मोठा आकडा दिसला की पहिला संशय गळतीचा यायला हवा, म्हणजे प्रोग्रॅम फाईली उघडतो आणि बंदच करत नाही. तसं असेल तर मर्यादा वाढवून फक्त चार दिवस मिळतात. म्हणून दहा-दहा मिनिटांनी तो आकडा एका फाईलमध्ये लिहीत राहणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेला, लावली. जेवणाच्या सुट्टीत आकडा खाली यायचा, तीननंतर चढायचा, सहानंतर उतरायचा. गळती अशी उतरत नाही.

पण रात्री नऊला, ऑफिसला कुलूप लागल्यावरही तो ४,३००वर अडकलेला दिसला. म्हणजे बावीस-तेवीस कंपन्या उघड्या, आणि समोर माणूस एकही नाही. टर्मिनल सर्व्हरवर बघितलं तर आठ सेशन 'डिस्कनेक्टेड' स्थितीत. रिमोट डेस्कटॉपची खिडकी वरच्या फुलीने बंद केली की सेशन मरत नाही. ते आत तसंच चालू राहतं, सॉफ्टवेअरसकट आणि उघड्या कंपन्यांसकट. म्हणजे मर्यादेचा चौथा हिस्सा, किंवा त्याहून थोडा जास्त, घरी गेलेली माणसं अडवून बसली होती.

सांबातली डेडटाईम ही सेटिंग यावर उपाय म्हणून सुचवली जाते. ती इथे काहीच करत नाही, कारण डेडटाईम फक्त अशाच जोडणीला तोडतो जिच्यात एकही फाईल उघडी नाही. आमची अडचण नेमकी उलटी होती.

मग विंडोजकडे डिस्कनेक्ट झालेली सेशन ठराविक वेळाने संपवण्याची ग्रुप पॉलिसी आहे, ती लावावी असं ठरत होतं. तासाभराची मुदत लावायला मी निघालोही होतो, पण गोंदियाच्या मॅडमनी फोनवर हरकत घेतली: "भाऊ, आमच्याकडे लाईट जाते. मग परत लॉगिन केलं की अर्धं टाकलेलं व्हाउचर जसंच्या तसं मिळते. ते नका काढू." त्यांचं म्हणणं रास्त होतं. लाईट गेली की सेशन शाबूत राहणं हीच तर टर्मिनल सर्व्हर घेण्यामागची सोय. शेवटी मुदत तीन तासांची ठेवली. दुपारची लाईट गेली तर काम वाचतं आणि रात्रीची सेशन पहाटेपर्यंत लोंबकळत नाहीत. माझ्या मते तांत्रिक दुरुस्तीपेक्षा हा निर्णय जास्त विचार मागणारा होता.

मारबतीच्या दिवशी

खरा बदल करायला सेवा रीस्टार्ट करणं भाग होतं. चालू प्रोसेसची कर्नलमधली मर्यादा पीआरलिमिट या आज्ञेने न थांबवता वाढवता येते, पण सांबाला त्याचा उपयोग नाही. किती फाईली सांभाळायच्या हे एसएमबीडी सुरुवातीलाच ठरवतो आणि आपलं कोष्टक तेवढंच धरतो. नंतर कर्नलने उदार व्हायचं ठरवलं तरी तो मागायला जात नाही. आणि रीस्टार्ट म्हणजे सत्तावीस माणसांच्या पायाखालून एकदम फाईली ओढणं. सीनियर सर म्हणाले, "मारबतीला ऑफिस बंदच आहे, त्या दिवशी काय ते करा." २०२३मध्ये पोळा १४ सप्टेंबरला होता, म्हणजे मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मिरवणूक, १५ला. महाल-इतवारीकडे सगळं शहर लोटलेलं, रामदासपेठ सुनसान. सर्व्हरच्या कामाला याहून चांगला दिवस नाही.

आधी जुन्या मर्यादेवर भिंत प्रत्यक्ष दाखवून घेतली. टर्मिनल सर्व्हरवर एक छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट, जी शेअरवरच्या रिकाम्या चाचणी फाईली उघडत जाते आणि बंद करत नाही. ती १६,४००च्या पुढे थोडीशी सरकली आणि थांबली. अपेक्षेप्रमाणे.

मग आकडा ठरवला. पुढच्या दोन-तीन वर्षांत माणसं चाळीसपर्यंत जातील, प्रत्येकी चार कंपन्या धरल्या तर ४० गुणिले ४ गुणिले १९०, म्हणजे ३०,४००. त्यावर मोकळीक ठेवून एसएमबी डॉट कॉन्फ या सांबाच्या सेटिंग फाईलच्या ग्लोबल भागात मॅक्स ओपन फाईल्स ४०,००० लिहिलं. दहा लाख लिहायला कुणी अडवत नाही, आणि न उघडलेल्या फाईलीमागे सांबा एक बिटच खर्च करतो, तेव्हा मेमरीचंही कारण नाही. तरीही मी मोकाट आकडा टाळतो. उद्या खरंच एखाद्या प्रोग्रॅमची गळती सुरू झाली, तर कुठेतरी ती अडलेली बरी.

कर्नलच्या बाजूला सेवेच्या युनिटमध्ये लिमिट-नो-फाईल ५०,००० केलं. सांबाच्या युनिटमध्ये हा आकडा १६,३८४ दिलेला असतो. एसएमबीडी रूट म्हणून सुरू होत असल्याने आपली मर्यादा तो स्वतःच वाढवून घेऊ शकतो, त्यामुळे साध्या मशीनवर ही ओळ नसती तरी निभलं असतं. पण सांबा कंटेनरमध्ये चालत असेल आणि आतला रूट हा खरा रूट नसेल तर तो अधिकार त्याला मिळत नाही. तीच गोष्ट टोरंटसारख्या फाईल-शेअरिंग प्रोग्रॅमची: ते साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतात, त्यांना युनिटने जितकं दिलं तितकंच. कुठलाही आकडा लिहिला तरी त्याच्यावर कर्नलची एनआर-ओपन ही आणखी एक कमाल मर्यादा असते, साधारणपणे १०,४८,५७६. तिच्यापुढे कुणालाच जाता येत नाही.

दोन फसण्याच्या जागा. पॅकेजसोबत आलेली युनिट फाईल थेट बदलू नये, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते; सिस्टमसीटीएलच्या एडिट आज्ञेने वेगळी ओव्हरराईड फाईल बनवावी. आणि त्या फाईलमध्ये वर चौकटी कंसातलं सर्व्हिस हे शीर्षक विसरलं तर खालची ओळ सिस्टमडी मानत नाही, आणि इशारा फक्त जर्नलमध्ये पडून राहतो.

सिसकंट्रोलमधली फाईल-मॅक्सची ओळ काढली. ओळ खोडली म्हणून चालू कर्नलमधला आकडा परत वर जात नाही, तो त्याच वेळी हाताने वाढवावा लागतो. ती ओळ तशीच राहिली असती तर काय झालं असतं तेही सांगतो, कारण ते फार फसवं आहे. एका टर्मिनल सर्व्हरच्या चाळीस हजार फाईली, वर बाकीच्या प्रोसेस, रात्रीचा बॅकअप, अँटिव्हायरसची झडती. ६५,५३६ कधीतरी भरलेच असते. तेव्हा कर्नल आपल्या लॉगमध्ये फाईल-मॅक्सची मर्यादा गाठल्याची ओळ टाकतो आणि साध्या वापरकर्त्यांना नवीन फाईल नाकारतो, मात्र रूटला त्यातून सूट असते. सांबा फाईल उघडताना त्या-त्या वापरकर्त्याच्या अधिकाराने उघडतो, म्हणून ऑफिस अडणार, आणि तपासायला रूट म्हणून आलेल्या माणसाला सगळं सुरळीत दिसणार.

रीस्टार्टनंतर नव्या प्रोसेसच्या 'लिमिट्स' फाईलमध्ये ५०,००० दिसलं. मागितलेल्यापेक्षा कमी मिळालं तर सांबा लॉगमध्ये 'इन्फर्मेशन ओन्ली' अशी सुरुवात करून मागितले किती आणि मिळाले किती ते सांगतो. नाव 'केवळ माहिती', पण ती दिसली तर समजा काम झालेलं नाही. इथे दिसली नाही. तीच पॉवरशेल स्क्रिप्ट पुन्हा चालवली, ती २०,००० चाचणी फाईली उघडून निमूट संपली.

त्यानंतर

आठवडाभराने, २३ सप्टेंबरच्या पहाटे, नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. रामदासपेठेतही तळमजले बुडाले. सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर असल्याने वाचला, पण वीज गेली, यूपीएस संपला आणि मशीन बंद पडलं. मुद्दाम न ठरवता चाचणी झाली. वीज परत आल्यावर मशीन आपोआप उठलं तेव्हा दोन्ही मर्यादा जागच्या जागी होत्या आणि फाईल-मॅक्सही आपल्या मूळ प्रचंड आकड्यावर परत गेला होता. पीआरलिमिटने किंवा नुसत्या सिसकंट्रोलच्या आज्ञेने केलेला बदल असता, तर नेमका शेवटच्या आठवड्यात तो पुसला गेला असता.

३० सप्टेंबरला दुपारी टर्मिनल सर्व्हरच्या प्रोसेसचा आकडा १९,८००ला जाऊन आला. जुन्या भिंतीच्या बराच वर. त्या दिवशी एकही हाक आली नाही असं म्हणणार नाही, प्रिंटरसाठी दोनदा आली. रात्री नऊचा आकडा आता हजाराच्या आसपास असतो.

आणखी एक वाट मी कागदावर ठेवली आहे. टर्मिनल सर्व्हरवरून शेअरला दुसऱ्या नावाने जोडलं, तर विंडोज त्या नावासाठी वेगळी जोडणी उघडतो आणि सांबाकडे वेगळी प्रोसेस उभी राहू शकते, स्वतःच्या मर्यादेसकट. निम्म्या अशिलांचा डेटा अशा दुसऱ्या नावाने उघडता येईल. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कंपनीचा पत्ता नोंदवलेला असतो, कुणाचा पत्ता कुठल्या नावाने हे चाळीस माणसांना लक्षात ठेवायला लावणं म्हणजे रोजची डोकेदुखी. तूर्त नको.

क्रॉनची स्क्रिप्ट कायम ठेवली आहे. आकडा ३२,०००च्या वर गेला की ती मला आणि सीनियर सरांना मेल पाठवते. चंद्रपूरला शाखा काढायचं त्यांच्या मनात आहे. तिथली दहा माणसं वाढली तर ७,६०० फाईली वाढतील, त्या आत्ताच्या मर्यादेत बसतात. पण एकूण माणसं पन्नासवर गेली की पन्नास गुणिले चार गुणिले १९० म्हणजे ३८,०००, आणि मग आकडा वाढवत बसण्यापेक्षा दुसरा टर्मिनल सर्व्हर घ्यावा, असं मी लिहून दिलं आहे. दुसरं यंत्र म्हणजे दुसरी जोडणी, आणि तिला पुन्हा चाळीस हजार. शिवाय एक यंत्र बंद पडलं तरी निम्मं ऑफिस चालू राहील. खर्चाचा आकडा त्यांच्याकडे आहे.